कुरियरवाल्याला दार उघडून द्यायचं का? स्मार्ट लॉकबद्दल बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बेळगाव, शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी या भागात घरांना कुलुपं बसवतो. स्मार्ट लॉक म्हणजे किल्लीशिवाय कोड, बोट, कार्ड किंवा फोनवरून उघडणारं कुलूप. पाच-सहा वर्षांपूर्वी लोक विचारायचे, "चोर फोडणार नाही असं कुलूप आहे काय?" आता विचारतात, "मी कामावर असताना पार्सलवाल्याला उघडून देता येईल असं कुलूप आहे काय?" त्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: कुरियरवाल्याला बाहेरचं दार उघडून द्यायला हरकत नाही, घराचं दार देऊ नका. असं का म्हणतो ते पुढं येईलच.

हा प्रकार सुरू कुठं झाला?

अमेरिकेत. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने तिथल्या ३७ शहरांत 'ॲमेझॉन की' नावाची सेवा काढली. ग्राहकाने स्मार्ट लॉक आणि दाराकडे तोंड केलेला कॅमेरा बसवायचा. डिलिव्हरीवाला दारात आला की पार्सलवरचा बारकोड स्कॅन करणार, कंपनीचा सर्व्हर तपासून बघणार, कॅमेरा चालू होणार आणि मगच दार उघडणार. कोड किंवा किल्ली त्याच्या हातात येतच नव्हती. पार्सल आत सरकवलं की दार परत बंद. वॉलमार्टने २०१९ मध्ये याच्या पुढं जाऊन किराणा थेट ग्राहकाच्या फ्रीजमध्ये लावून द्यायला सुरुवात केली. आत जाणाऱ्या कामगाराच्या छातीवर कॅमेरा असायचा.

त्यानंतर ॲमेझॉनने गॅरेजपर्यंतच्या डिलिव्हरीवर जोर दिला. घराला लागून असलेली, पण घरापासून वेगळी बंद होणारी जागा. आपल्याकडच्या घरांना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बेळगावात कंपनी स्वतः अशी सेवा देते का?

इथं कुरियरवाल्याच्या ॲपमधून तुमच्या दाराचं कुलूप उघडत नाही. जे काही चालतं ते घरच्यांनी स्वतः केलेल्या सोयीवर चालतं: मालक फोनवरून दार उघडतो किंवा एकदाच चालणारा कोड सांगतो. त्यामुळं काही गेलं-आलं तर जबाबदारी घ्यायला मध्ये कंपनी नसते. हा फरक मोठा आहे आणि खालची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

मग कुरियरवाल्याने नेमकं कुठवर यायचं?

आपल्या भागातल्या घरांत याचं उत्तर बांधकामातच आहे. गल्लीतल्या जुन्या घराला सोपा, म्हणजे पुढची ओसरी, असतो, त्याच्या आत माजघराचं दार. बंगल्याला कंपाउंडचं गेट आणि जाळीची पडवी. फ्लॅटला बहुतेक वेळा लाकडी दाराबाहेर लोखंडी ग्रिलचं दार. म्हणजे दोन दारं आधीच आहेत. स्मार्ट लॉक बाहेरच्या दाराला बसवा आणि आतल्या दाराला तुमचं नेहमीचं कुलूप राहू द्या. पार्सल सोप्यात किंवा ग्रिलच्या आत पडलं, पावसापासून, माकडांपासून आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेपासून वाचलं, की काम झालं. आतली खोली कुणी बघायची गरजच नाही.

एकच दार असलेल्या घराला आम्ही स्मार्ट लॉक विकण्याआधी पार्सल पेटी सुचवतो. भिंतीला आतून बोल्ट मारून बसवलेली पत्र्याची पेटी, तिला नंबरचं कुलूप. फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देतो आणि चांगल्या स्मार्ट लॉकपेक्षा खर्च कितीतरी कमी येतो. त्यात आमचा धंदा बुडतो हे खरं, पण ज्याला पेटी पुरते त्याला घराचं दार उघडायला लावणं आम्हाला पटत नाही.

आई-बाबा बेळगावात एकटे आहेत, आम्ही पुण्यात. दार आम्ही फोनवरून उघडावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पोरं पुण्यात, बंगळूरला, गोव्यात. म्हातारी माणसं टिळकवाडीत किंवा हिंदवाडीत. ऑर्डर पोरं देतात, पार्सल इथं येतं. बाबांना ऐकू कमी येतं, आईला गुडघ्यामुळं पटकन उठवत नाही, आणि बाहेरून कन्नडमध्ये आवाज येतो, "पार्सल बंदैत्री!" (पार्सल आलंय). दोन मिनिटं थांबून पोरगा निघून जातो.

फोनवरून दार उघडणं जमतं, पण दोन गोष्टी पाळा. पहिली, घरात माणूस असताना त्याला न सांगता दार उघडू नका. दुपारी डोळा लागलेल्या म्हातारीला सोप्यात अनोळखी माणूस दिसला की ती किती घाबरते, हे आम्ही एका घरी बघितलं आहे. आधी आईला फोन करा, ती "बरं" म्हणाली की मगच बटण दाबा. दुसरी, आई-बाबांना कुलूप आतून हातानं उघडता आलंच पाहिजे, ॲप न वापरता. आतल्या बाजूला फिरवायची मूठ असलेलंच कुलूप घ्या. आग लागली, गॅस गळला किंवा नुसती धावपळ झाली, तर कोड आठवत बसायला वेळ नसतो.

याशिवाय शेजारचा कुणी एक ठरवून ठेवा. गल्लीत समोरच्या काकूंकडे पार्सल ठेवायची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. स्मार्ट लॉक घेतलं म्हणून ती मोडू नका.

कुरियरवाला ओटीपी मागतो, तोच कुलपाचा कोड का?

नाही. इथं लोकांचा फार गोंधळ होतो म्हणून सावकाश सांगतो.

डिलिव्हरीचा ओटीपी म्हणजे माल मिळाल्याची तुमची सही. तो सांगितला की कंपनीच्या लेखी माल पोचला. मोबाईल, लॅपटॉप अशा महागड्या वस्तूंना तो हमखास येतो, आणि काही वेळा खोका तुमच्यासमोर उघडून दाखवल्यावरच तो द्यायचा असतो. कुलपाचा कोड म्हणजे दाराची किल्ली. एक देऊन व्यवहार संपतो, दुसरा देऊन दार उघडतं. दोन्ही एकाच मेसेजमध्ये पाठवू नका.

त्यामुळं महागडी वस्तू कधीही रिकाम्या घरात मागवू नका. खोक्यात फोनऐवजी साबणाची वडी निघाली आणि ओटीपी तुम्ही पुण्यातून आधीच सांगून टाकला असेल, तर भांडायला हातात काही उरत नाही. अशी वस्तू रविवारी मागवा किंवा ऑफिसच्या पत्त्यावर घ्या.

आणि "कुरियरमधून बोलतोय, पत्ता सापडत नाही, हा नंबर डायल करा" असा फोन आला तर काहीही डायल करू नका. स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर लावायला सांगून तुमचे कॉल स्वतःकडं वळवून घ्यायचे, मग बँकेचे ओटीपी ऐकायचे, असा हा फसवणुकीचा धंदा आहे. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून अशा पद्धतीचं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला कंपन्यांना सांगितलं, तरी चोर नवीन वाट काढतातच. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा.

कोड कसा द्यायचा? घरात इंटरनेट नाही.

इंटरनेट नसलं तरी बऱ्याच कुलपांत कोड देता येतो. कुलूप आणि ॲप यांच्यात बसवतानाच एक गुप्त संख्या ठरते, आणि दोघांकडं घड्याळ असतं. त्या दोन्हींवरून ॲप एक कोड काढतं, कुलूप तोच हिशेब स्वतः करून कोड बरोबर की चूक ठरवतं. म्हणून तुम्ही बंगळूरला बसून कोड काढला तरी खानापूरच्या नेट नसलेल्या घराचं दार उघडतं. बॅटरी काढल्यावर कुलपाचं घड्याळ चुकलं तर मात्र हे कोड नाकारले जातात. फोन कुलपाजवळ नेऊन ॲपमधून वेळ जुळवून घ्या.

कोड नेहमी एकदाच चालणारा किंवा तास-दोन तासांचा द्या. घरच्यांचा कायमचा कोड कुणालाही सांगू नका, रोजच्या ओळखीच्या पोरालाही नाही. त्याच्यावर विश्वास नाही असा याचा अर्थ होत नाही. उद्या त्याच्याऐवजी दुसरा येईल आणि कोड तोंडातोंडी पुढं जाईल. पत्त्याच्या रकान्यात, "मारुतीच्या देवळाजवळ"च्या पुढं, कोड लिहून ठेवणारी माणसं आम्हाला भेटली आहेत. तो पत्ता प्रत्येक खोक्यावर छापून गोदामापासून दारापर्यंत फिरतो. आज लिहिला असेल तर आजच काढा आणि कोड बदला.

आमचं दार जुनं, दोन झडपांचं आहे. बसेल का?

बसेल, पण कुठलंही नाही. दारात खाच पाडून आत बसणाऱ्या मॉर्टाइज कुलपाला एका झडपेचं, साधारण ३५ मिलिमीटरहून जाड दार लागतं. गल्लीतल्या घरांची सागवानी, फणसाची दारं जाड असतात, पण त्यांच्या झडपा एकमेकींवर चढतात, फळ्यांवर पट्ट्या आणि नक्षी असते. तिथं वरून बसणारं रिम लॉक घ्यावं, एक झडप वर-खाली टॉवर बोल्टने घट्ट करावी आणि कुलपाची जीभ तिच्यात अडकेल असं करावं. आजोबांच्या वेळचा कडी-कोयंडा काढून टाकू नका. बाहेरगावी जाताना तोच उपयोगी पडतो. काम करणाऱ्या सुताराला आधी घरी आणून दार दाखवा; कुलूप विकत घेऊन नंतर दार कापायला बसणं म्हणजे चांगल्या लाकडाचा खून.

पावसाळ्यात काही त्रास होतो का?

होतो, आणि दुकानदार तो सांगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं. मागच्या पावसाळ्यात शहापुरातल्या एका घरी गेलो. दार लावलं की कुलपाची मोटर गुंऽऽ करायची, जीभ चौकटीतल्या पट्टीच्या कडेला ठेचायची, परत आत जायची, परत बाहेर. तिसऱ्या वेळी लाल दिवा आणि टिकटिक. घरच्यांना वाटलं कुलूप बिघडलं. चौकटीतलं भोक कानशीनं जेमतेम दोन मिलिमीटर खाली वाढवलं आणि मोटर एका दमात चालली. असं रोज अडत राहिलं की बॅटऱ्या लवकर संपतात आणि दार लागल्यासारखं दिसतं पण लागलेलं नसतं. म्हणून भोक पावसाळा धरूनच पाडून घ्या.

दार थेट पावसाच्या तोंडाला असेल तर वर पत्र्याची झाप करा. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात उघड्यावरचं कुलूप टिकवणं अवघड आहे.

लाइट गेली तर?

कुलूप बॅटरीवर चालतं, साधारणपणे चार पेन्सिल सेलवर, त्यामुळं हेस्कॉमची लाइट गेली तरी त्याला काही होत नाही. राउटर मात्र बंद पडतो, म्हणजे फोनवरून दार उघडणं आणि कॅमेरा दोन्ही गेले. राउटरला छोटा यूपीएस लावा. जोराच्या वाऱ्यात तारांवर झाड पडून दिवसभर लाइट नसते अशा गावांत फोनवरून उघडण्याच्या भरवशावर राहू नका, वर सांगितलेला ऑफलाइन कोडच बरा.

सेल संपले तर बाहेरच अडकणार का?

बहुतेक कुलपांना खालच्या बाजूला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची जागा असते, नव्यांना फोन चार्ज करायच्या वायरीचं भोक असतं. तेवढी वीज दिली की कोड टाकता येतो. शिवाय किल्ली असते. ती किल्ली घरातल्या कपाटात ठेवू नका.

बाबांचं बोट लागत नाही.

वडगाव-खासबागचे विणकर, निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायका, शेतात राबलेली माणसं, यांच्या बोटांवरच्या रेषा कामानं झिजलेल्या असतात. मशीनला त्या दिसत नाहीत. यात बाबांची काही चूक नाही आणि त्यांना परत परत बोट दाबायला लावून ओशाळं करू नका. अंगठ्याऐवजी करंगळी किंवा अनामिका नोंदवून बघा, ती कमी झिजते. नाही जमलं तर कार्ड द्या.

हॅक होतं का हो?

होऊ शकतं. ॲमेझॉनची सेवा सुरू झाली त्याच महिन्यात रायनो सिक्युरिटी लॅब्ज या संस्थेने दाखवलं, की वायफायचं कनेक्शन तोडून दारावरचा कॅमेरा गोठवता येतो. मालकाला बंद दाराचंच चित्र दिसत राहतं. कंपनीने मग सुधारणा केली. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीने काही ब्लूटूथ कुलपं फोन जवळ नसतानाही सिग्नल पुढं ढकलून उघडता येतात हे दाखवलं. म्हणून 'फोन जवळ आला की आपोआप उघड' ही सोय बंद ठेवा. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तर हल्ला न होताच गडबड झाली: लॉकस्टेट कंपनीने चुकीचं अपडेट पाठवलं आणि तिची सुमारे ५०० कुलपं निकामी झाली.

पण आमच्या भागात असं काही करून कुणी घरात शिरल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. इथला खरा धोका साधा आहे. १२३४ किंवा जन्मसाल ठेवलेला कोड, सगळ्या गल्लीला माहीत असलेला कोड, आणि नीट न लागलेलं दार.

चोरी झाली तर पोलीस काय म्हणतील, विमा मिळेल का?

गुन्हा तो गुन्हाच. तुम्ही दार उघडून दिलं म्हणून चोरी माफ होत नाही. भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवानगीने आत आलेला माणूस गुन्ह्याच्या हेतूने आत थांबून राहिला तर तोही कलम ३२९ खालचा अतिक्रमणाचा गुन्हा होतो. ११२ ला फोन करा, आणि ॲपमधल्या नोंदीचा, म्हणजे कुठल्या कोडने किती वाजता दार उघडलं त्याचा, फोटो लगेच काढून ठेवा.

विम्याचं मात्र नीट ऐका, कारण इथं लोक फसतात. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत बळजबरीने, मोडतोड करून आत शिरल्याची अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात पॉलिसीतल्या या शब्दांना चिकटूनच निकाल दिला: बळजबरी नाही तर भरपाई नाही. कोड टाकून शांतपणे उघडलेल्या दारावर कसली मोडतोड दाखवणार? 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी घेतली असेल तर तिच्यात चोरी धरतात ती आग, पूर अशा घटनेनंतर सात दिवसांत, त्या घटनेमुळं झालेली. साध्या चोरीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एजंटाला विचारा, "कोडने दार उघडून चोरी झाली तर धरता का?" आणि उत्तर लेखी घ्या.

घराचं दार देऊ नका असं आम्ही म्हणतो त्याचं सगळ्यात ठोस कारण हेच. सोप्यातून खोकं गेलं तर एका खोक्याचं नुकसान. आतलं गेलं तर आयुष्यभराची पुंजी, आणि भरपाई नाही.

कॅमेरा लावावा का?

लावा, पण तोंड तुमच्या उंबरठ्याकडं ठेवा. अरुंद गल्लीत समोरासमोर दारं असतात. तुमच्या कॅमेऱ्यात समोरच्या घरातली न्हाणी किंवा अंगण येत असेल तर भांडण ठरलेलं. आणि कॅमेरा आहे हे पाटीवर लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. पार्सल कुठं ठेवायचं तेही त्याच पाटीवर. कन्नड नीट लिहिणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या.

कुरियरच्या पोरांना हे आवडतं का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचं कौतुक. ही पोरं अनगोळची, कंग्राळीची, आपल्याच गावची असतात. पाठीवर ओझं, वेळेचा धाक, चौथ्या मजल्यापर्यंत जिना. रिकाम्या घरात शिरायला त्यांना स्वतःलाच भीती वाटते, कारण महिन्यानं एखादी अंगठी सापडली नाही तर पहिलं नाव त्यांचंच निघतं. "अण्णा, आत नको, इथंच ठेवतो," असं एकानं आमच्यासमोर मालकाला फोनवर सांगितलं होतं, आणि तो बरोबर होता.

म्हणून त्याला बाहेरच्या दारापुरताच बोलवा. वेळेची नोंद आणि कॅमेरा त्याच्याही बाजूचा पुरावा असतो हे त्याला सांगा. आत यायचं नाही म्हणाला तर जबरदस्ती करू नका. काही हरवलं तर आधी घर शोधा. उन्हाळ्यात सोप्यात पाण्याचा माठ ठेवलात तर फारच चांगलं.

गॅस, दूध, औषधं?

सिलिंडर रिकाम्या घरात घेऊ नका. डीएसी कोड, म्हणजे सिलिंडर देताना मागतात तो मेसेजमधला नंबर, फोनवर सांगता येतो, पण वॉशर आणि गळती बघायला माणूस लागतोच. दुधाला पिशवी पुरते, कुलूप कशाला? इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं; ते सोप्यात पडून राहता कामा नये, घरी कुणी असेल तेव्हाच मागवा किंवा दुकानातून आणा.

घरात कुत्रा आहे.

मग फोनवरून दार उघडू नका.

आम्ही उचगावकडं राहतो, कुरियरवाला फाट्यावरच बोलावतो.

मग स्मार्ट लॉकवर पैसे घालू नका. फाट्यावरचं ओळखीचं किराणा दुकान पार्सलसाठी ठरवून घ्या, दुकानदाराला सणासुदीला काहीतरी द्या.

गणपतीत किंवा यल्लमाला सौंदत्तीला गेल्यावर काय करायचं?

घर दोन-तीन दिवस पूर्ण बंद असेल तर चालू असलेले सगळे कोड काढून टाका आणि ऑर्डर पुढं ढकला. गणपतीत मांडवांमुळं कितीतरी गल्ल्यांत गाडी शिरत नाही, पार्सल उशिराच येतं. त्या दिवसांसाठी दिलेला दोन तासांचा कोड वाया जातो.

भाड्याचं घर आहे. कुलूप बसवावं का?

मालकाला विचारून, लेखी. दारात नवीन भोक पडणार असतं. घर सोडताना कुलूप फॅक्टरी रिसेट करून मालकाच्या समोर त्याच्या फोनला जोडून द्या, किंवा काढून न्या आणि जुनं परत बसवा. जुन्या भाडेकरूच्या फोनमध्ये नव्या बिऱ्हाडाचं दार राहिलेलं आम्हाला दोन ठिकाणी सापडलं. तुम्ही नव्या घरात राहायला गेलात आणि तिथं आधीच स्मार्ट लॉक असेल, तर सामान लावण्याआधी रिसेट करून घ्या. बॅटरीच्या झाकणाखाली एक बारीक बटण असतं, ते कुलपाच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तितका वेळ दाबून धरायचं.